बडोद्याची पुस्तकपेटी

१९०६ साली बडोदे संस्थानाने प्राथमिक शिक्षण सर्वत्र सक्तीचे व मोफत केले. संस्थानातल्याच अमरेलीत १८९३पासून त्याचा अनुभव घेऊन झाला होता. मात्र संस्थानाचे अधिपती सयाजीराव महाराज यांना पुढची चिंता होती. चार यत्ता शिकून शाळा सोडलेल्या पोराच्या हाती पुढे पुस्तकच पडले नाही, तर गिरवलेली अक्षरे किती दिवस टिकणार?

अमेरिकेतील ग्रंथालये महाराजांनी स्वतः पाहिली होती. १९१०मध्ये त्यांनी तिथून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावून घेतले. राजवाड्यातली सुमारे वीस हजार पुस्तके बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयाला दिली. तिथे मुलांसाठी वेगळे दालन झाले. चित्रे, खेळ, गोष्टी, सगळे त्यात होते.

पण ही झाली शहरातल्या मुलांची सोय. बडोद्याचे खरे मोठेपण खेड्यांत दिसते. गावाने वर्गणी जमवली की तेवढीच रक्कम सरकार देई आणि तेवढीच स्थानिक मंडळ. वेगळी इमारत नसेल तर ग्रंथालय शाळेतच भरे आणि गुरुजीच ग्रंथपाल होत. काटकसर म्हणून हे केले असेलही, पण त्याने फार मोलाचे काम साधले. कोणते पोर अजून अडखळते आणि कोणाला आता मोठी गोष्ट झेपेल, हे गुरुजींइतके कोणाला ठाऊक असणार? या ग्रंथालय चळवळीचे आधारस्तंभ मोतीभाई अमीन हेही मुळात शिक्षकच.

जिथे ग्रंथालय नव्हते तिथे लाकडी पेटी जाई. भक्कम, कुलूपबंद, आत साधारण पंधरा ते तीस पुस्तके. वाहतुकीचा खर्च संस्थानाचा. वाचून झाली की पेटी परत आणि दुसरी हजर. १९१२पासून या कामाचे नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठीतून निघू लागले.

बडोद्यात शाळा आणि ग्रंथालय असे हातात हात घालून चालत. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७चा, पण इथे आज ग्रंथालये उच्च शिक्षण खात्याकडे, तर शाळा शालेय शिक्षण खात्याकडे. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, भिलारसारखे पुस्तकांचे गावही २०१७मध्ये उभे राहिले. हे चांगलेच आहे. परंतु वर्षातून एक दिवस पुस्तक हाती देऊन मूल वाचू लागत नाही.

तेव्हा गावोगावच्या ग्रंथालयांच्या कार्यकारिणीला एवढीच विनंती: यंदा आपल्या कपाटातली तीस बालपुस्तके जवळच्या शाळेत पाठवा आणि महिन्याने ती बदला. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहू नका.