विश्लेषण : बाथरूमचे ‘आठ दिवसांचे’ काम तीन आठवडे का चालते?

‘आठ दिवसांत बाथरूम तयार करून देतो,’ असे ठेकेदार सांगतो. पंधराव्या दिवशीही घरातली माणसे बादली-टॉवेल घेऊन शेजाऱ्यांकडे अंघोळीला जात असतात. मुंबई, ठाणे, पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांमध्ये हे चित्र नवे नाही. राग निघतो तो गवंड्यावर. पण लाद्या बसवायला या सगळ्यात फारसा वेळ लागतच नाही. दिवस जातात ते त्याआधीच्या कामांत, आणि घाई झाली की नेमके त्यांतलेच दिवस कापले जातात. त्याची किंमत वर्षभराने खालच्या मजल्यावरच्या छताला मोजावी लागते.

लाद्या बसवायला किती दिवस?

समजा, बाथरूम ७ बाय ४ फुटांचे आहे आणि भिंतींना ७ फुटांपर्यंत लाद्या लावायच्या आहेत. दार वगळून भिंती सुमारे १३६ चौरस फूट आणि जमीन २८, म्हणजे एकूण साधारण १६५ चौरस फूट. बाथरूमच्या कोपऱ्यांत, नळांच्या भोकांपाशी कापाकापी जास्त असते. तरीही एक गवंडी आणि एक हेल्पर दिवसाला ६० ते ८० चौरस फूट काम करतात. म्हणजे तीन दिवसांत लाद्या लागतात. ‘आठ दिवस’ हा आकडा येतो तो याच हिशेबातून : तोडफोड दोन दिवस, पाइप दोन दिवस, लाद्या तीन दिवस आणि एक दिवस वर. कागदावर हे चूक नाही. त्यात वॉटरप्रूफिंगला जागा नाही, एवढेच.

मग बाकीचे दिवस कुठे जातात?

जुनी लादी आणि तिच्याखालचा विटांच्या तुकड्यांचा कोबा फोडला की राडारोड्याच्या गोण्या अंदाजापेक्षा जास्त निघतात. बऱ्याच सोसायट्यांत त्या लिफ्टने उतरवायला मनाई असते, ठोकाठोकीला दुपारची सुट्टी असते, रविवारी काम बंद. त्यामुळे कारागिराच्या आठ तासांतले पाच-सहाच हाती लागतात. त्यानंतर भिंतीत झिरी मारून पाइप टाकले जातात. इथे काम हमखास अडते ते डायव्हर्टरवर. तो भिंतीच्या आत बसतो, त्यामुळे प्लॅस्टरच्या आधी जागेवर हवा. घरचे मात्र नळ आणि शॉवर ‘नंतर निवांत’ बघू म्हणतात.

खरा मुद्दा वॉटरप्रूफिंगचा आहे. लादी लागली की पाणी अडले, हा समज चुकीचा आहे. लाद्यांमधल्या सिमेंटच्या सांध्यांतून पाणी हळूहळू खाली मुरतेच. ते अडवतो तो लाद्यांखालचा थर. त्याचे किमान दोन हात द्यावे लागतात, पहिला वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही, आणि कोपरे व नहाणी ट्रॅपच्या कडा आधी नीट भरून घ्याव्या लागतात.

सिमेंट ‘सुकायला’ वेळ लागतो का?

सिमेंट सुकत नाही. पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ते कडक होते. म्हणून पंखा लावून ते लवकर तयार होत नाही, उलट कच्चे राहते. काँक्रीटसाठीच्या आयएस ४५६ या भारतीय मानकात साधे सिमेंट असेल तर किमान ७ दिवस आणि पीपीसीसारखे मिश्र सिमेंट असेल तर किमान १० दिवस ते ओले ठेवायला सांगितले आहे. बाथरूममधल्या कोब्यावर किंवा प्लॅस्टरवर तुळईएवढा भार नसतो, पण रसायन तेच. कोबा सकाळी घातला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर लादी, हे वेळापत्रक म्हणूनच संशयास्पद समजावे.

पाणी भरून ठेवण्याची चाचणी का टाळली जाते?

थर पूर्ण वाळल्यावर ट्रॅपचे तोंड बंद करून जमिनीवर दीड-दोन इंच पाणी भरतात, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करतात आणि किमान ४८ तास थांबतात. उन्हाळ्यात थोडे पाणी वाफ होऊनही कमी होते. म्हणून शेजारी एका पसरट भांड्यात तेवढेच पाणी ठेवून तुलना करावी. मग खालच्या मजल्यावर जाऊन छत बघावे. हे शेवटचे काम अनेकांना अवघड वाटते, कारण बहुतेकदा भांडण त्यांच्याशीच झालेले असते.

या दोन दिवसांत कारागीर रिकामा बसतो, म्हणून ठेकेदाराला ती नको असते. एकच बाथरूम असलेल्या वन बीएचकेमध्ये तर घरच्यांनाच ती नकोशी होते. घरात म्हातारी माणसे किंवा लहान मूल असेल तर ते समजण्यासारखेही आहे. पण गळती पुन्हा निघाली तर नव्या लाद्या फोडण्यावाचून इलाज राहत नाही आणि सगळे दिवस पहिल्यापासून मोजावे लागतात. शेजाऱ्यांच्या छताचे प्लॅस्टर आणि रंगही खर्चात येतो. घरात जागा नसेल तर दोन दिवस नातेवाइकांकडे काढणे स्वस्त पडते.

जुन्या लाद्यांवर नव्या लावल्या तर?

तोडफोडीचे दिवस वाचतात. त्यासाठी सिमेंट नव्हे, चिकटवण्याचे खास रसायन लागते. व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळपास शोषतच नसल्याने ती साध्या सिमेंटला नीट धरत नाही. जमीन सेंटिमीटरभर वर येते, दार खालून कापावे लागते. हॉल-बेडरूमसाठी हा मार्ग चांगला. गळणाऱ्या बाथरूमसाठी मात्र नाही, कारण खालचा खराब थर तसाच राहतो.

ठेकेदाराला काय विचारावे?

‘किती दिवस?’ याऐवजी ‘पाणी कोणत्या तारखेला भरणार?’ असे विचारलेले बरे. तारीख सांगता आली नाही, तर ती चाचणी त्याच्या हिशेबात नाही. एका बाथरूमला १२ ते १५ कामाचे दिवस, म्हणजे सुट्ट्या धरून जवळपास तीन आठवडे, हा वास्तवातला अंदाज. कोकणातले कारागीर गणपतीला, उत्तर प्रदेश-बिहारमधले होळीला आणि छटपूजेला गावी जातात. ते आधीच विचारून घ्यावे. पैशांचा एक हप्ता पाण्याच्या चाचणीनंतरच द्यायचा, असे सुरुवातीलाच लिहून ठेवता येते.

लाद्या मात्र एकदमच घ्याव्यात, दहा टक्के जास्त. खोक्यावरचा शेड आणि बॅच क्रमांक जुळवून घ्यावा. त्याच नावाची पुढची बॅच भिंतीवर वेगळी दिसते. उरलेल्या पाच-सहा लाद्या माळ्यावर टाकून ठेवाव्यात. पाच वर्षांनी नळ बदलताना एखादी फुटली, तर ते डिझाइन दुकानात मिळेलच असे नाही.