विश्लेषण : बांगलादेशातील गव्हाचा शत्रू दक्षिण अमेरिकेतून आला, हे कसे कळले?

फेब्रुवारी २०१६. बांगलादेशच्या नैर्ऋत्येकडील मेहेरपूर, चुआडांगा, कुष्टिया, जेसोर या जिल्ह्यांत गहू ओंबीवर आला होता. बघता बघता ओंब्या पांढऱ्या पडू लागल्या. पाने हिरवी, काडी हिरवी, पण ओंबी मात्र वाळलेली. लांबून पाहणाऱ्याला वाटावे, पीक जरा लवकर तयार झाले. ओंबी तळहातावर चोळली, तर आत दाणा नाही. असलाच तर सुरकुतलेला. सुमारे १५ हजार हेक्टरवरील गहू या रोगाच्या तडाख्यात सापडला. काही शेतांत तर पिकातले काहीच हाती लागले नाही. रोग पुढे जाऊ नये म्हणून सरकारी बीजोत्पादन क्षेत्रावरील उभे पीक पेटवून देण्यात आले.

रोगाचे नाव ‘व्हीट ब्लास्ट’. आशियात तो त्याआधी कधीही दिसला नव्हता.

भातावरच्या करप्याशी याचे नाते काय?

कोकणातल्या शेतकऱ्याला भातावरचा करपा नवा नाही. पानांवर डोळ्याच्या आकाराचे ठिपके पडतात आणि लोंबीच्या मानेशी रोग गेला तर लोंबीच मोडते. ही करामत ‘मॅग्नापोर्थे ओरायझी’ या बुरशीची. गव्हावरचा ब्लास्टही याच प्रजातीमुळे होतो. मात्र एका प्रजातीत अनेक घराणी आहेत. भातावरचे वेगळे, नाचणीवरचे वेगळे, गव्हावरचे वेगळे. (आपल्याकडे गव्हाच्या पानांवर येणाऱ्या रोगालाही ‘करपा’ म्हणतात, तो या बुरशीचा नव्हे. नावांचा हा गोंधळ लक्षात ठेवलेला बरा.)

म्हणूनच २०१६ मध्ये पहिला प्रश्न पडला तो असा : बांगलादेशात जिकडेतिकडे भात आहे, मग भातावरच्या स्थानिक बुरशीनेच गव्हावर उडी मारली की रोग बाहेरून आला? हा नुसता अभ्यासकांचा वाद नव्हता. बुरशी स्थानिक असेल तर बंदरावर बियाणे अडवून काही साधणार नाही. ती बाहेरची असेल, तर जिथून आली तिथल्या शेतकऱ्यांना कोणती औषधे आणि कोणती वाणे उपयोगी पडली, हे आयते कळते.

माग कसा काढला?

नेहमीची पद्धत म्हणजे रोगट भाग प्रयोगशाळेत आणायचा, बुरशी वेगळी वाढवायची आणि मग तिचा अभ्यास करायचा. त्यात वेळ जातो. बांगलादेशातील प्राध्यापक तोफज्जल इस्लाम आणि ब्रिटनमधील नॉरिच येथील सेन्सबरी लॅबोरेटरीचे सोफियन कामून यांच्यासह अनेक संस्थांतील संशोधकांनी जवळचा रस्ता धरला. शेतातल्या रोगट पानांतूनच आरएनए काढून त्याची क्रमवारी वाचली. त्यात गव्हाचा आणि बुरशीचा मजकूर एकत्र येतो. तो संगणकावर वेगळा करता येतो, कारण बुरशीचा संपूर्ण जनुकसंच आधीच उपलब्ध होता. भातावरील ब्लास्टच्या बुरशीचा जनुकसंच २००५ मध्येच ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला होता.

बुरशीच्या बाबतीत हे काम तुलनेने सोपे का? तर आकारामुळे. या बुरशीचा जनुकसंच जेमतेम चार कोटी अक्षरांचा. माणसाचा सुमारे ३०० कोटींचा आणि गव्हाचा तर १६०० कोटींहून अधिक. चार कोटी अक्षरांच्या दोन प्रती शेजारी ठेवून कुठे फरक आहे ते पाहणे, म्हणजे सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या ताडून पाहण्यासारखेच. ज्या दोन नमुन्यांत फरक कमी, त्यांचा पूर्वज जवळचा.

या संशोधकांनी माहिती शोधनिबंध छापून येईपर्यंत दडवून ठेवली नाही. ती संकेतस्थळावर खुली केली आणि जगभरच्या तज्ज्ञांना विश्लेषणाचे आवाहन केले. उत्तर निःसंदिग्ध होते. बांगलादेशातील बुरशी तिथल्या भातावरच्या बुरशीची नव्हती. ती दक्षिण अमेरिकेतील गव्हावरच्या घराण्यातली होती. २०१६ मध्येच हे ‘बीएमसी बायोलॉजी’त प्रसिद्ध झाले. हा रोग बियाण्यातून पसरतो, त्यामुळे संशय गव्हाच्या व्यापारावर गेला.

मग दक्षिण अमेरिकेत रोग आला कुठून?

ब्राझीलच्या पराना राज्यात १९८५ मध्ये गव्हावरचा ब्लास्ट प्रथम आढळला. ही गोष्ट उलगडायला २०१७ उजाडावे लागले. गव्हाच्या अनेक वाणांत ‘आरडब्ल्यूटी३’ नावाचे एक जनुक असते. ते पहारेकऱ्याचे काम करते. बुरशीचे एक विशिष्ट प्रथिन ओळखून झाडाला सावध करते. हा पहारेकरी नसलेली वाणे ब्राझीलमध्ये मोठ्या क्षेत्रावर लावली गेली. गवतावर वाढणाऱ्या बुरशीला तिथे मोकळे दार मिळाले. पुढे बुरशीत ते प्रथिन बनवणारे जनुकच निकामी झाले आणि पहारेकरी असलेला गहूही तिच्या तावडीत सापडला. उत्पादन वाढवण्यासाठी निवडलेल्या वाणात कोणते जनुक गायब आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक असणार?

बेडकांचे काय?

जनुकसंचावरून माग काढण्याचे याहून मोठे प्रकरण प्राण्यांचे आहे. ‘बॅट्राकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस’, थोडक्यात ‘बीडी’, ही बुरशी बेडकांच्या त्वचेत वाढते. बेडूक त्वचेतून पाणी आणि क्षार घेतो. त्वचा बिघडली की रक्तातील सोडियम-पोटॅशियमचे गणित कोलमडते आणि हृदय थांबते. ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेतील जंगले ज्यामुळे शांत झाली ती हीच बुरशी, हे १९९८ मध्ये समोर आले. २०१९ मधील एका जागतिक आढाव्यानुसार उभयचरांच्या किमान ५०१ प्रजाती तिच्यामुळे घटल्या आणि त्यांतील ९० नामशेष झाल्या असाव्यात.

ही बुरशी कुठली, यावर वीस वर्षे वेगवेगळे दावे होत राहिले. २०१८ मध्ये जगभरातील दोनशेहून अधिक नमुन्यांचे जनुकसंच ताडून पाहिल्यावर बोट पूर्व आशियाकडे, विशेषतः कोरियन द्वीपकल्पाकडे गेले. विसाव्या शतकातील उभयचरांच्या व्यापारातून ती पसरली, असा निष्कर्ष निघाला. सह्याद्रीही यातून सुटलेला नाही. पुण्यातील संशोधकांचा सहभाग असलेल्या २०१३ च्या अभ्यासात उत्तर पश्चिम घाटातील बेडकांवर बीडीचा आशियाई प्रकार आढळला होता.

भारताने काय केले?

बांगलादेशातील रोगग्रस्त पट्टा सीमेला लागून होता. त्यामुळे पश्चिम बंगालमध्ये नादिया आणि मुर्शिदाबाद जिल्ह्यांत गव्हाची पेरणीच थांबवण्यात आली. याला ‘व्हीट हॉलिडे’ म्हटले गेले. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती सुट्टी नव्हती, हंगाम बुडाला होता. दुसरीकडे भारतीय वाणे जेसोर आणि बोलिव्हिया येथे, म्हणजे रोग असलेल्या जागी लावून तपासण्यात आली. बांगलादेशने २०१७ मध्ये ‘बारी गोम ३३’ हे प्रतिकारक वाण दिले. त्यातील प्रतिकारशक्ती एका रानगवतातून गव्हात आलेल्या गुणसूत्राच्या तुकड्यामुळे आहे. अडचण एवढीच, की दक्षिण अमेरिकेतील काही बुरशीने हा तुकडा चुकवायला सुरुवात केली आहे.

धोका टळला का?

नाही. आफ्रिकेत झांबियामध्ये २०१८ च्या पावसाळी हंगामात हाच रोग दिसला. २०२३ मधील जनुकीय अभ्यासाने दाखवले, की बांगलादेश आणि झांबियातील बुरशी एकाच कुळातली आहे, पण ती एकाकडून दुसऱ्याकडे गेलेली नाही. दक्षिण अमेरिकेतून ती दोनदा, स्वतंत्रपणे बाहेर पडली. म्हणजे चूक दोनदा झाली.

त्याच अभ्यासात दोन दिलासेही होते. ‘आरएमजी८’ हे गव्हातील जनुक या कुळाला रोखते. विशेष म्हणजे भुरी रोगाविरुद्ध कामी येणाऱ्या जनुकाचेच ते एक रूप आहे, हे नंतर स्पष्ट झाले. दुसरे असे, की स्ट्रोबिल्युरिन गटातील बुरशीनाशके या कुळावर अजून चालतात. दक्षिण अमेरिकेत ती अनेक ठिकाणी निष्प्रभ झाली आहेत. पण प्रयोगशाळेत याच कुळातून औषधाला न जुमानणारे नमुने आपोआप तयार झाले. शिवाय शेतात आजवर स्वतःच्याच प्रती काढत पसरलेल्या या बुरशीचा आफ्रिकेतील नाचणीवरच्या बुरशीशी संकर होऊ शकतो, हेही प्रयोगशाळेत दिसले. नाचणी आफ्रिकेचे जुने पीक आहे आणि तिच्यावरची बुरशी तिथे आधीपासूनच आहे.