तुरीच्या मुळाशी चाललेली भागीदारी

कापड विकणारा माणूस मातीवर का लिहितो, असे काही वाचक विचारतील. पण आमचा धंदा कपाशीवर, आणि विदर्भ-मराठवाड्यात कपाशीच्या काही ओळींनंतर तुरीची एक ओळ असतेच. ही ओळ उगाच नाही.

हवेत सुमारे ७८ टक्के नत्र आहे, पण पिकाला ते थेट घेता येत नाही. तूर, मूग, हरभरा, भुईमूग यांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात. ते हवेतले नत्र झाडाच्या उपयोगी रूपात आणतात. बदल्यात झाड त्यांना साखर पुरवते. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत! १८८६ मध्ये हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी ही गोष्ट उलगडून दाखवली.

हिशेबही चोख. सोयाबीनवरचा एक प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गाठी नत्र देत नाहीत, त्यांचा प्राणवायू झाड कमी करते, असे त्यात दिसले. आपल्या बाजारात उधारी बुडवणाऱ्याला इतक्या लवकर कोणी ओळखत नाही. उलट शेतात युरिया भरपूर टाकला की झाड गाठीच कमी धरते. आयते मिळाले तर भागीदार हवा कशाला?

पीक फुलावर येताना एक झाड अलगद खणून गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल दिसली तर काम चालू, हिरवट किंवा तपकिरी असेल तर बंद.

मात्र डाळवर्गीय पीक घेतले की जमीन आपोआप सुधारते, हा गैरसमज आहे. बरेचसे नत्र दाण्याबरोबर बाजारात जाते. भुईमूग तर मुळासकट उपटतात. तुरीचा पाला शेतातच गळतो, मुळे जमिनीत कुजतात, म्हणून पुढच्या पिकाला तिचा फायदा जास्त.

जिवाणू खताचे २५० ग्रॅमचे पाकीट दहा किलो बियाण्याला पुरते. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळावे, सावलीत सुकवावे, त्याच दिवशी पेरावे. सोयाबीनचे पाकीट हरभऱ्याला चालत नाही. हा जिवंत माल आहे. उन्हात ठेवला किंवा मुदत उलटली की जिवाणू मरतात, पावडर तेवढी उरते. आपल्यापैकी जे बी-बियाण्याचा व्यापार करतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. ऐब लपवून माल विकणे आपल्याला जायज नाही.

आमच्या वडिलोपार्जित शेतासाठी एकदा मी अशी पाकिटे आणली. मुदत पाहिली ती घरी आल्यावर. परत करायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, “भाईजान, पावडर आहे, ती काय खराब होणार?”