जाणीव आत्म्यातून नव्हे, मेंदूच्या कामातून

माजरीच्या कोळसा खाणीत राबणाऱ्या घरांना एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. बंद जागेत ऑक्सिजन कमी झाला किंवा कार्बन मोनॉक्साइड साचला, तर धडधाकट माणूसही बेशुद्ध पडतो. वेळेत बाहेर काढून ऑक्सिजन दिला तर तो शुद्धीवर येऊ शकतो. मधल्या काळात त्याची जाणीव कुठे गेली होती? आत्मा बाहेर जाऊन परत आला का? नाही. मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही, म्हणून जाणीव घडवणारे काम थांबले.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण तो सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो. त्यात सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्या विद्युत आणि रासायनिक संदेशांनी एकमेकींशी बोलतात. मात्र नुसत्या संख्येने जाणीव होत नाही. निम्म्याहून अधिक पेशी मागच्या लहान मेंदूत असतात, तरी तो भाग जन्मतः नसलेली माणसेही जाणिवेने जगल्याच्या नोंदी आहेत. मेंदूचा खालचा देठ आपल्याला जागे ठेवतो. मध्यभागी असलेला थॅलॅमस आणि मोठ्या मेंदूचा वरचा थर यांच्यात सतत देवाणघेवाण चालते. गाढ झोपेत किंवा भूल दिल्यावर पेशी जिवंत असतात, पण हा संवाद तुटक होतो आणि जाणीव मावळते.

एकच विज्ञान जन्मोजन्मी फिरते, असे साति नावाच्या भिक्खूला वाटत होते. मज्झिम निकायात तथागत त्याची चूक दाखवतात. लाकडाने पेटते ती लाकडाची आग, शेणाने पेटते ती शेणाची. तसेच डोळा आणि रूप यांच्यामुळे उपजते ते चक्षुविज्ञान. कारण संपले की तेही संपते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हेच समजावताना विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचे उदाहरण घेतले. शरीर तिथे जाणीव, वेगळा आत्मा नाही.

पेशींच्या हालचालीतून ‘मला दुखते’ हा अनुभव नेमका कसा होतो, हे विज्ञानाला अजून पूर्ण उलगडलेले नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांनी १९९५ मध्ये याला ‘अवघड प्रश्न’ म्हटले. २५ वर्षांत जाणिवेची मेंदूतली खूण स्पष्टपणे सापडेल, अशी पैज मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख यांनी १९९८ मध्ये त्यांच्याशी लावली आणि २०२३ मध्ये हार मान्य केली. पण उत्तर बाकी आहे म्हणून त्या रिकाम्या जागेत आत्मा बसवता येत नाही.

हा वाद पुस्तकी नाही. जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे ऑगस्ट २०२१ मध्ये भानामतीच्या संशयावरून दलित वृद्धांना आणि महिलांना बांधून मारहाण झाली. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, तरीही आपल्या वस्त्यांत मिरगीच्या झटक्याला ‘बाहेरची बाधा’ म्हणणारे आहेत. मिरगी म्हणजे मेंदूतल्या विद्युत संदेशांचा तात्पुरता गोंधळ. तिच्यावर औषध आहे.

म्हणून झटका आलेल्या माणसाला चप्पल, कांदा हुंगवू नका. त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर तातडीने दवाखान्यात न्या. अनात्मवाद वंदनेपुरता न ठेवता अशा वेळी आचरणात आणणे, हेच आपले काम आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!