मुदत संपलेला पासवर्ड

सोमवारी सकाळी आपण कचेरीत येता, संगणक सुरू करता आणि नेहमीचा पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द, टंकता. पडद्यावर उत्तर येते की, त्याची मुदत संपली असून तो बदलणे आवश्यक आहे. आपण नवा शब्द देता, तर तोही नाकारला जातो. महत्त्वाचे पत्रक आत अडकलेले असते आणि साहेब त्याची वाट पाहत असतात. अशा घाईत पुष्कळ जण शेजारच्या सहकाऱ्याचा पासवर्ड मागून वेळ निभावतात. परंतु त्यामुळे आपल्या हातून झालेल्या कामाची नोंद सहकाऱ्याच्या नावावर पडते, आणि उद्या काही घोटाळा निघाला तर जाब त्यालाच द्यावा लागतो. म्हणून अशा वेळी काय करावे, हे आधीच समजून घेतलेले बरे.

अनेक कचेऱ्यांतील विंडोज संगणकांवर पासवर्डची तपासणी आपल्या टेबलावरचे यंत्र करीत नाही. ती डोमेन कंट्रोलर नावाचा मध्यवर्ती संगणक करतो. कचेरीने स्वतःचे नियम घातले नसतील, तर तेथे मूळचे नियम चालतात. पासवर्डची मुदत 42 दिवस असते. मागील 24 शब्दांपैकी एकही पुन्हा चालत नाही. शब्द किमान 7 अक्षरांचा हवा. मोठी अक्षरे, लहान अक्षरे, अंक आणि चिन्हे यांपैकी तीन प्रकार त्यात हवेत. आपले नाव त्यात नसावे. आणि एकदा बदललेला शब्द एक दिवसाच्या आत पुन्हा बदलता येत नाही. नकाराच्या संदेशात लांबी, रचना व जुने शब्द एवढ्यांचाच उल्लेख असतो. एका दिवसाच्या अटीबद्दल तो मौन पाळतो, आणि पुष्कळांचा गोंधळ होतो तो येथेच.

समजा, संगणक विभागाने आज आपल्याला तात्पुरता पासवर्ड दिला. तो देताना 'पुढील प्रवेशाच्या वेळी बदलणे आवश्यक' अशी खूण केली नसेल, तर त्या एका दिवसाच्या अटीमुळे आपला प्रत्येक नवा शब्द परत येईल. अशा वेळी नवनवे शब्द शोधत बसू नये. ती खूण करण्याची विनंती करावी.

घरून किंवा प्रवासातून काम करणाऱ्यांची अडचण निराळी. कचेरीशी संबंध जोडलेला नसताना लॅपटॉप स्वतःजवळ जपलेल्या जुन्या ओळखीवर आपल्याला आत घेतो. मुदत संपण्यापूर्वीच व्हीपीएनने कचेरीशी जोडून घ्यावे, मग कंट्रोल, ऑल्ट व डिलीट या कळा एकत्र दाबून शब्द बदलावा. नंतर जोडणी कायम ठेवूनच पडदा बंद करावा आणि नव्या शब्दाने उघडावा, म्हणजे लॅपटॉपलाही तो ठाऊक होतो.

बदल यशस्वी झाला, तरी एक काम उरते. मोबाइलवरील कचेरीच्या ईमेलमध्ये जुनाच शब्द साठवलेला असतो. तो फोन बिचारा पुन्हा पुन्हा तोच शब्द पाठवीत राहतो आणि चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा ठरलेली असेल, तर आपले खाते कुलूपबंद होते. तेव्हा फोनवरील शब्दही लगेच बदलावा.

मुदतीचा हा नियम तरी खरोखर उपयोगी आहे काय? अमेरिकेतील राष्ट्रीय मानक संस्थेने 2017 साली सल्ला दिला की, ठराविक काळाने पासवर्ड बदलण्याची सक्ती करू नये; तो फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलावा. 2019 साली मायक्रोसॉफ्टनेही आपल्या सुरक्षाविषयक शिफारशींतून मुदतीची अट काढली. कारण साधे आहे. सक्ती झाली की माणूस शेवटचा आकडा तेवढा वाढवतो, किंवा शब्द चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवतो.

आपल्या कचेरीत हा नियम अजून असेल, तर तो पाळणे हे आपले कर्तव्यच आहे. मात्र चिठ्ठ्या वाढू लागल्याचे दिसले, तर वरिष्ठांच्या कानी घालण्यासही संकोच करू नये. तोवर आपण लांब, पण आपल्याला सहज आठवेल असा शब्दसमूह निवडावा आणि मुदत संपण्याची पूर्वसूचना दिसताच, शेवटच्या दिवसाची वाट न पाहता, निवांतपणे तो बदलावा. पासवर्ड ही आपल्या नावाची मोहोर आहे. ती उसनी मागू नये आणि उसनी देऊही नये.