खेळती हवा

घरांत हवा खेळती असावी, असें आपण वडील माणसांच्या तोंडून नेहमीं ऐकतों. परंतु हवा डोळ्यांस दिसत नाहीं. मग ती खेळते कीं नाहीं, आणि खेळते तर किती, हें ठरवावयाचें कसें? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे. क्षयरोगाचे जंतु रोग्याच्या खोकल्याबरोबर बाहेर पडतात व सूक्ष्म कणांच्या रूपानें हवेंत बराच वेळ तरंगत राहतात. खोलींतील हवा जितकी साचून राहील, तितकें ते कण निरोगी माणसाच्या श्वासांत जाण्याचें भय अधिक.

यंत्राच्या साहाय्यावांचून हवा हलविणारीं कारणें मुख्यत्वें दोन. वारा इमारतीच्या ज्या बाजूवर आदळतो, तेथें हवेचा दाब वाढतो व विरुद्ध बाजूस तो कमी होतो. म्हणून समोरासमोर खिडक्या असल्या म्हणजे हवा एकीकडून शिरते व दुसरीकडून निघून जाते. दुसरें कारण उष्णता. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते व उंचावरील झरोक्यांतून बाहेर पडते. तिची जागा खालून येणारी थंड हवा घेते.

ही हवा मोजण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाची राजधानी लिमा येथें झाला. तेथील आठ रुग्णालयांतील ७० खोल्या संशोधकांनीं तपासल्या व आपले निष्कर्ष २००७ सालीं प्रसिद्ध केले. त्यांची रीत सोपी होती. बंद खोलींत कर्बाम्लवायु, म्हणजे आपण उच्छ्वासाबरोबर टाकतों तोच वायु, सोडावयाचा. तो सर्वत्र मिसळला म्हणजे दारें-खिडक्या उघडून त्याचें प्रमाण किती वेगानें घटतें तें मोजावयाचें. त्यावरून तासाभरांत खोलींतील हवा किती वेळां बदलते, याचा हिशेब निघतो.

दारें-खिडक्या उघड्या असतां हवा तासाला सुमारें २८ वेळां बदलली. यांत्रिक वायुवीजनाच्या नव्या खोल्यांसाठीं ठरविलेलें प्रमाण १२ वेळांचें होतें. याहून विस्मयकारक गोष्ट ही कीं, पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत हा आंकडा ४० होता, तर अलीकडील बांधणीच्या खोल्यांत तो १७ च होता. उपचार न झालेल्या क्षयरोग्यांच्या सहवासांत २४ तास राहिल्यास किती जणांस संसर्ग होईल, याचेंही गणित त्यांनीं मांडलें. यांत्रिक वायुवीजनाच्या खोल्यांत शंभरांपैकीं ३९, खिडक्या उघड्या ठेवलेल्या नव्या खोल्यांत ३३ आणि जुन्या खोल्यांत अवघे ११! हा अर्थात् गणितानें बांधलेला अंदाज आहे, प्रत्यक्ष रोग्यांची मोजदाद नव्हे.

खिडकी कांहीं औषधाची जागा घेऊं शकत नाहीं. कडाक्याच्या थंडींत वा मुसळधार पावसांत ती सताड उघडी ठेवणेंही कठीण जातें. आणि ती बंद झाली कीं तिचा सारा गुण संपला. तथापि जेथें महागडीं यंत्रें बसविण्याची ऐपत नाहीं, तेथें हें साधन जवळजवळ फुकट मिळतें.

भारतांत क्षयरोग अद्याप घर करून आहे, हें लक्षांत घेतां ही शिकवण आपणांसही लागू पडते. नवें घर बांधतांना पालकांनीं समोरासमोरच्या खिडक्यांचा व उंचावरील झरोक्यांचा विचार करावा; आणि विद्यार्थ्यांनीं वर्गांत प्रवेश करतांच दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघडाव्या. एकच बाजू उघडून काम पुरें होत नाहीं. आलेल्या हवेला जाण्यासही वाट हवी.