दवाखान्याची पाटी आणि तिच्यामागची परीक्षा

नालासोपारा किंवा विरार स्थानकाबाहेरच्या गल्ल्यांत एमबीबीएस, बीएएमएस आणि बीएचएमएस अशा पाट्या शेजारी शेजारी दिसतात, आणि २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर गेलेल्या वसई-विरार महापालिका क्षेत्रातील बहुतेकांना ताप-खोकल्याचे पहिले औषध अशाच एखाद्या दवाखान्यात मिळते. या तिन्ही पदव्यांच्या परीक्षा राज्यातील बहुतेक महाविद्यालयांत नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. परंतु खासगी दवाखाना चालवण्याचे, म्हणजे जनरल प्रॅक्टिसचे, कौशल्य स्वतंत्रपणे तपासणारी कोणतीही परीक्षा परवान्यासाठी द्यावी लागत नाही.

एमबीबीएसचा विद्यार्थी साडेचार वर्षांच्या शिक्षणानंतर लेखी, प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा उत्तीर्ण होतो, वर्षभराची आंतरवासिता, अर्थात इंटर्नशिप, पूर्ण करतो आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणी करून स्वतंत्रपणे व्यवसाय करू लागतो. अशा नोंदणीची परंपरा १९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्यापर्यंत मागे जाते. त्या काळी पदवीधरांबरोबरच ‘एलसीपीएस’सारखी परवानापत्रे मिळवलेले डॉक्टरही गावोगाव दवाखाने चालवीत; देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये पदवी हाच एकमेव मार्ग असावा असे सुचवले आणि ती पिढी हळूहळू संपली.

परदेशात शिकून आलेल्यांना मात्र २००२ पासून ३०० प्रश्नांची वेगळी चाळणी परीक्षा द्यावी लागते व तीत निम्मे गुण मिळवावे लागतात. देशात शिकलेल्यांसह सर्वांसाठी एकच ‘नेक्स्ट’ परीक्षा घेण्याची तरतूद २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात आहे, पण २०२३ मध्ये ती पुढे ढकलण्यात आली.

खरा वाद पेटला तो होमिओपॅथीवरून. होमिओपॅथाने ॲलोपॅथीची औषधे देणे हाच निष्काळजीपणा ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एका खटल्यात म्हटले होते. तरीही राज्य शासनाने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून, आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा ‘सीसीएमपी’ अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्या होमिओपॅथांना अशी औषधे मर्यादित प्रमाणात देण्याची मुभा दिली. या होमिओपॅथांच्या वैद्यक परिषदेकडील नोंदणीच्या प्रश्नावर सप्टेंबर २०२५ मध्ये ॲलोपॅथी डॉक्टरांनी राज्यभर संप केला. साडेचार वर्षांच्या अभ्यासाची बरोबरी एका वर्षात होत नाही, हा त्यांचा मुद्दा रास्त आहे. मात्र स्वतःच्या पदवीतही दवाखान्यातील कामाची पारख किती होते, याची चर्चा त्या गदारोळात फारशी झाली नाही.

ब्रिटनमध्ये हीच पारख केंद्रस्थानी असते. तेथे जनरल प्रॅक्टिसचे किमान तीन वर्षांचे प्रशिक्षण घेणाऱ्याला ज्ञानाची परीक्षा आणि प्रत्यक्ष कामाचे मूल्यमापन यांखेरीज, रुग्णाची भूमिका करणाऱ्या बारा व्यक्तींशी प्रत्येकी बारा मिनिटे दूरस्थ संवाद साधून दाखवावा लागतो, आणि त्यात निदानाइतकेच ऐकून घेणे व समजावून सांगणेही तपासले जाते. भारतात याच्या जवळ जाणारी पदवी म्हणजे फॅमिली मेडिसिनमधील तीन वर्षांची डीएनबी. पण ती ऐच्छिक आहे.

महाराष्ट्रात एकदा मिळालेल्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी चर्चासत्रांना हजर राहून ३० श्रेयगुण जमवावे लागतात. दवाखान्यात व चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक लिहिणे डॉक्टरांना बंधनकारक आहे; त्या क्रमांकावरून नोंदणी कोणत्या परिषदेकडे आहे याची खातरजमा रुग्णाला करता येते, मात्र त्या डॉक्टरांनी शेवटची परीक्षा कधी दिली हे त्यावरून समजत नाही.